दोन कनेक्शनं, पण खांब एकच

मे महिन्यातला शनिवार. सीझन भरात. आपल्या मालगुंड-गणपतीपुळे पट्ट्यात खोल्या भाड्याने देणाऱ्या एका मित्राकडे मी सकाळी चहाला गेलो होतो. (नाव देत नाही, त्याने नको म्हटलंय.) बुकिंगसाठी त्याने छोटंसं ऑफिस केलंय. तीन टेबलं, तीन फोन. फोन इंटरनेटवर चालणारे. गिऱ्हाईक एकाच नंबरवर फोन करतं, रेकॉर्ड केलेला आवाज स्वागत करतो आणि जो मोकळा असेल त्याच्या टेबलावर कॉल वाजतो. मोठ्या हॉटेलात असतं तसंच. महिन्याला थोडे पैसे जातात, पण एकही कॉल हुकत नाही म्हणून त्याने ते घेतलं होतं.

पावणेदहाला नेट गेलं. मित्र निवांत होता. म्हणाला, "काय काळजी नाय, दुसऱ्या कंपनीचं पण घेऊन ठेवलंय." आणि दुसऱ्या डब्याकडे बघितलं. तिथेही लाल दिवा.

नेट आलं संध्याकाळी साडेपाचला. त्यानंतर त्याने कॉम्प्युटरवर दिवसाची यादी काढली. एकेचाळीस कॉल येऊन गेले होते. आणि ऐका, खरी मजा पुढे आहे. त्याचं ऑफिस मेलेलं असताना तो स्वागताचा आवाज मात्र जिवंत होता, कारण तो आवाज मालगुंडात नसतोच. तो कंपनीच्या कुठल्यातरी शहरातल्या मशीनवर असतो. म्हणजे एकेचाळीस वेळा गिऱ्हाइकाला छान स्वागत ऐकू आलं आणि मग 'सध्या कोणी उपलब्ध नाही'. ऐन मे महिन्यात, शनिवारी, भर दुपारी. नेट गेलंय हे गिऱ्हाइकाला कसं कळणार? त्याला वाटलं, हे लोक फोन उचलत नाहीत. माजलेत.

व्हॉट्सॲपवर बुकिंग घेणाऱ्यांचं यापेक्षा वेगळं होत नाही. आपलं नेट बंद असलं की समोरच्याच्या स्क्रीनवर 'रिंगिंग' येत नाही, नुसतं 'कॉलिंग' राहतं. किती लोकांना हा फरक माहीत असतो? दोनदा करून बघतात आणि यादीतल्या पुढच्या नंबरला लावतात.

आता मुद्दा असा की माझ्या मित्राने चूक काय केली होती? दोन वेगळ्या कंपन्या, दोन वेगळी बिलं, दोन वेगळे डबे. सगळं शहाण्यासारखंच केलं होतं. मग आम्ही दोघं बाहेर गेलो आणि वायर कुठून येते ते बघत चालत गेलो. त्याच्या गेटपासून वळणापर्यंत दोन्ही वायरी एकाच खांबावर, एकमेकींना बांधलेल्या. पुढे फांदी पडली होती. एक फांदी, दोन वायरी. संपला विषय.

हे लिहायचं कारण एवढंच आहे. दुसरं कनेक्शन म्हणजे बॅकअप नव्हे. दुसरी वाट म्हणजे बॅकअप.

आपल्याला हे वेगळं शिकवायची गरज नाही. रत्नागिरीला जायला आपल्याकडे दोन रस्ते आहेत. एक चाफे-निवळी करत हायवेने, दुसरा आरे-वारेवरून समुद्राच्या कडेने. पावसात एकीकडे दरड आली तर आपण गाडी दुसरीकडून घालतो. पण समजा कोणी म्हणालं, "माझ्याकडे दोन गाड्या आहेत, त्यामुळे मला दरडीची भीती नाही," तर आपण हसू की नाही? एकाच रस्त्यावर दोन गाड्या, तशी माझ्या मित्राची दोन कनेक्शनं.

ही चूक आपल्यासारख्या छोट्या गावातच होते असंही नाही. जानेवारी २००८ च्या शेवटी इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या दोन केबल एकाच दिवशी तुटल्या. दोन्हींवरून भारताचं युरोप-अमेरिकेकडचं मोठं ट्रॅफिक जात होतं. आपल्याकडचं इंटरनेट कित्येक दिवस रडत चाललं आणि सगळा धंदाच फोनवर असलेल्या कॉल सेंटरवाल्यांची धावपळ झाली. ज्यांनी आधीपासून पूर्वेकडून, पॅसिफिकमार्गे वाट ठेवली होती त्यांचं काम त्यातल्या त्यात चालत राहिलं. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात जेद्दाहजवळ केबल तुटल्या तेव्हाही तेच दिसलं. तिथे नांगर असेल, आपल्याकडे फांदी. पण गणित एकच.

आधी फोन बंद पडत नव्हता, मग आता का पडतो?

जुन्या लोकांना आठवत असेल. लाईट गेली तरी घरातला काळा फोन चालू असायचा. कारण साधं होतं. तांब्याच्या तारेतून फोनला लागणारी वीजसुद्धा एक्सचेंजमधून यायची. तिथे मोठ्या बॅटऱ्या असायच्या. घरात अंधार असला तरी फोनला पत्ता नसायचा.

आता फायबर आलं. फायबर म्हणजे काच. काचेतून उजेड जातो, वीज जात नाही. त्यामुळे आपल्या भिंतीवरच्या डब्याला आपलीच वीज लागते. लाईट गेली की डबा बंद, डबा बंद की फोन बंद. नेट कितीतरी पटीने वेगवान झालं, हे खरं. पण त्या वेगाबरोबर बॅटरीची जबाबदारी गुपचूप कंपनीकडून आपल्याकडे आली, हे कोणी आपल्याला सांगितलं नाही.

आणि आपल्याकडे लाईट किती भरवशाची, ते मी सांगायला नको. जून २०२० मध्ये निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरकडे धडकलं तेव्हा आपल्याच जिल्ह्यातल्या दापोली-मंडणगडात कित्येक दिवस वीज नव्हती आणि मोबाईलही मुके होते. मुंबईतले चाकरमानी आई-वडिलांची खबर मिळत नाही म्हणून गाडी काढून निघाले होते. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आपल्या किनाऱ्याजवळून गेलं. जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेलं तेव्हा पहिल्यांदा फोन गेले आणि मग अफवा आल्या. मी त्या दिवसांत बातम्या देत होतो, म्हणून सांगतो. फोन गेल्यावर पहिली कोणती गोष्ट मरते, तर खात्री. कोणालाच काही नक्की कळत नाही.

काय करता येईल?

मी इंजिनिअर नाही. पण त्या शनिवारनंतर दोन महिने नेटवाली पोरं, रत्नागिरीतला एक राऊटर विकणारा आणि दोन-तीन हॉटेलवाले यांच्यामागे लागून जे समजलं ते साध्या भाषेत लिहितो. ज्याचा धंदा फोनवर आहे त्याने वाचावं. खोल्यावाले, आंबेवाले, कोकम-फणसाचे पदार्थ पाठवणाऱ्या बायका, घरी बसून पुण्या-मुंबईच्या कंपनीचे फोन घेणारी पोरं, सगळ्यांनीच.

पहिलं, वायरीमागून चाला. दुसरं कनेक्शन घेण्याआधी पहिली वायर कुठून येते ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. दुसऱ्याची वायर त्याच खांबांवरून येणार असेल तर पैसे वाचवा. नेटवाल्याला सरळ विचारा, "तुझी लाईन गावात कुठल्या रस्त्याने येते?" एक चाफ्याकडून आणि दुसरी नेवऱ्याकडून येत असेल तर उत्तम. तो सांगायला टाळाटाळ करत असेल तर समजा की दोघं एकाच वाटेने येतात.

दुसरं, बॅकअप वायरलेस घ्या, पण वेगळ्या कंपनीचं. वायर फांदीने तुटते, जेसीबीने तुटते, माकडाने तुटते. सिमकार्डवर चालणाऱ्या राऊटरला फांदीचा त्रास नाही. पण पहिलं फायबर ज्या कंपनीचं, त्याच कंपनीचं सिम घेऊ नका. टॉवरलासुद्धा मागून फायबरच लागतं आणि ते तुमच्याच वायरीचं मोठं भावंड असू शकतं. ओळखायची एक गावठी युक्ती सांगतो. पुढच्या वेळी फायबर जाईल तेव्हा घरातल्या सगळ्यांचे मोबाईल टेबलावर मांडा आणि कोणत्या कंपनीचं नेट जिवंत आहे ते बघा. तेच तुमचं बॅकअप सिम. दुकानदाराच्या सल्ल्यापेक्षा हे पक्कं.

तिसरं, बोलायला नेट फार लागत नाही. इथे बहुतेकांचा गैरसमज असतो. इंटरनेटवरून एक फोन कॉल जायला जाता-येता प्रत्येकी साधारण शंभर केबीपीएस पुरतात. म्हणजे एकाच वेळी दहा कॉल चालले तरी एक एमबीपीएस. बिलावर पन्नास नाहीतर शंभर एमबीपीएस लिहिलेलं असतं, त्यातला हा चिमूटभर भाग. मग अडतं कुठे? सगळे पाहुणे त्याच वायफायवर रील बघत असतात तिथे. बॅकअप चालू झालं की पाहुण्यांचं वायफाय आपोआप बंद पडेल आणि फक्त फोन चालतील, अशी सेटिंग राऊटरमध्ये करता येते. पाहुणे एक तास समुद्र बघतील. त्यासाठीच आलेत ना?

आवाजाला वेगापेक्षा नेमस्तपणा लागतो. शब्द समोर पोचायला सेकंदाच्या सातव्या हिश्श्यापेक्षा जास्त वेळ लागायला लागला की माणसं एकमेकांचं बोलणं तोडायला लागतात. डाऊनलोडचा आकडा बघून खूश होऊ नका. कॉल लावून पाच मिनिटं बोलून बघा.

चौथं, लाईटची सोय डब्यालाही करा. राऊटर आणि फायबरचा डबा मिळून एखाद्या छोट्या बल्बाएवढीच वीज खातात. त्यांच्यासाठी छोटे यूपीएस मिळतात, हजार-दोन हजारांत काम होतं आणि दोन-चार तास निघतात. ज्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे त्यांनीही एक तपासावं. लाईट जाताना इन्व्हर्टर क्षणभर अडखळतो, तेवढ्यात राऊटर बंद होऊन पुन्हा चालू होतो आणि त्यात दोन-तीन मिनिटं जातात. चालू कॉल तर गेलाच. ज्यांचे दोन डबे आहेत त्यांनी दोन्ही बॅटरीवर घ्या. एकच घेऊन उपयोग नाही.

पाचवं, अदलाबदल आपोआप व्हावी. दोन लाईन एकाच राऊटरला जोडायच्या, एक गेली की त्याने दुसरी पकडायची. असे राऊटर आता चार-सहा हजारांत मिळतात. पण यात एक मेख आहे. काही राऊटर फक्त शेजारच्या डब्याचा दिवा बघतात. डब्याचा दिवा हिरवा, पण पुढे निवळी फाट्यावर केबल तुटलेली. राऊटरला वाटतं सगळं ठीक आहे. म्हणून त्याला बाहेरचा, लांबचा पत्ता सतत तपासायला सांगायचं. बसवणाऱ्याला एवढंच म्हणा, "दिवा नको बघू, नेट बघ." त्याला कळतं. आणि पहिली लाईन परत आली की लगेच उडी मारू नको, पाच-दहा मिनिटं थांब, असंही सांगायचं. नाहीतर येणाऱ्या-जाणाऱ्या लाईनवर राऊटर बेडकासारखा उड्या मारतो आणि प्रत्येक उडीला कॉल तुटतो.

आणि हेही खरं की, लाईन बदलते त्या क्षणी चालू असलेला कॉल बहुतेक वेळा तुटतोच, कारण बाहेरच्या जगासाठी आपला पत्ता बदलतो. पण पुढचा कॉल लागतो. आठ तास मेलेलं ऑफिस आणि अर्ध्या मिनिटाचा खंड यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

सहावं, आणि हे फुकट आहे. मुंबईतला भाऊ हा सगळ्यात स्वस्त बॅकअप. आपल्या प्रत्येक घरातला कोणीतरी मुंबईत, ठाण्यात, पुण्यात आहे. साध्या सिमच्या नंबरवर 'संपर्क होत नसेल तर' कॉल दुसरीकडे वळवायची सोय फोनच्या सेटिंगमध्ये असते. ही सोय आपल्या फोनमध्ये नाही, कंपनीच्या यंत्रणेत बसते. त्यामुळे आपला फोन मेला, गावाचा टॉवर मेला, तरी कॉल डोंबिवलीत वाजतो. बुकिंगची वही ऑनलाईन ठेवली तर तिकडे वहिनीही सांगू शकते की तेवीस तारखेला एक खोली शिल्लक आहे. इंटरनेटच्या फोनवाल्यांनी आपल्या कंपनीला हीच सोय मागावी. तीनही टेबलं गप्प असतील तर कॉल अमुक मोबाईलवर टाका. माझ्या मित्राच्या पॅकेजमध्ये ही सोय पहिल्या दिवसापासून होती. चालू करायला कोणी सांगितलं नव्हतं आणि त्याने विचारलं नव्हतं.

इथे एक सावधगिरी. कॉल वळवायचे ते स्वतः सेटिंगमध्ये जाऊन. फोनवरून कोणी अनोळखी माणूस "अमुक कोड दाबा" म्हणाला तर दाबू नका. अशा कोडने लोकांचे कॉल आणि ओटीपी चोरीला गेले. म्हणूनच एप्रिल २०२४ पासून कोड दाबून कॉल वळवण्याची जुनी सोय थांबवायला दूरसंचार विभागाने कंपन्यांना सांगितलं.

सातवं, महिन्यातून एकदा वायर उपटून बघा. खरंच. मंगळवारी दुपारी, गिऱ्हाईक नसताना. पहिली वायर काढा आणि दुसऱ्या मोबाईलवरून आपल्या नंबरला फोन लावा. वाजला तर बॅकअप आहे. नाही वाजला तर तुम्ही फक्त बिल भरताय.

आणि तरीही पुरत नाही

आता कोणी म्हणेल, एवढ्याशा धंद्याला एवढा खटाटोप कशाला? गिऱ्हाईक परत फोन करेल. नाही करत हो. ते ॲपवरून खोली घेतं आणि ॲपवाला तुमच्याकडून कमिशन कापतो. स्वतःच्या फोनवर आलेलं बुकिंग आणि ॲपवरून आलेलं बुकिंग यातला फरक प्रत्येक खोल्यावाल्याला वहीत दिसतो. आंब्याचं तर याहून कठीण. हापूसची पेटी फोनवर ठरते आणि फळ काही तुमच्या नेटची वाट बघत झाडावर थांबत नाही. लॉकडाऊननंतर जी पोरं गावात राहून कंपन्यांचे कॉल घ्यायला लागली, त्यातल्या एका मुलीने मला सांगितलं की तीन वेळा लाईन गेल्यावर साहेबांनी विचारलं, "तुम्ही पुण्यात शिफ्ट होऊ शकता का?" ती गेली. तिचं घर आता बंद आहे. आपण म्हणतो ना, गाव रिकामं होतंय? असंही रिकामं होतं.

पण मी वर सांगितलेलं सगळं केलं तरी एक भिंत येतेच. अंगारकीला किंवा ख्रिसमसच्या सुट्टीत गणपतीपुळ्यात गर्दी झाली की टॉवर गुदमरतो. सिम जिवंत, रेंज पूर्ण, पण कॉल सरकत नाही. म्हणजे पावसात वायर दगा देते आणि गर्दीत सिम दगा देतं. आणि गावात येणारं मूळ फायबरच एका वाटेने येत असेल तर तुम्ही दहा कनेक्शनं घ्या, सगळी एकदम जाणार. हे घरोघरी यूपीएस बसवून सुटणारं नाही. इथून पुढे हा सार्वजनिक प्रश्न होतो.

तेव्हा सार्वजनिक बोलू.

सरकारला ही गोष्ट कळत नाही असं नाही. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेणारी भारतनेट योजना २०११ ला मंजूर झाली. तेव्हा तिचं नाव वेगळं होतं. त्यात बहुतेक ठिकाणी तालुक्यावरून एक फांदी काढल्यासारखी केबल गावाला नेली. मध्ये तुटली की पुढची सगळी गावं अंधारात. ही चूक मान्य करून ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने सुधारित भारतनेटला मंजुरी दिली. रक्कम एक लाख एकोणचाळीस हजार कोटींच्या वर. त्यातला महत्त्वाचा शब्द आहे 'रिंग'. गावं गोल साखळीत जोडायची, म्हणजे एकीकडून तुटलं तर दुसऱ्या बाजूने चालू राहील. अगदी निवळी आणि आरे-वारेसारखं! कागदावर सरकारने तेच लिहिलंय जे आपण गाडी काढताना करतो.

मग आपला प्रश्न सोपा आहे. मालगुंड त्या रिंगमध्ये आहे का? गणपतीपुळे, नेवरे, वरवडे, जयगड आहेत का? कधी होणार? केबल कुठल्या दोन रस्त्यांनी येणार? ग्रामपंचायतीतला भारतनेटचा डबा चालू आहे का, त्याला बॅटरी आहे का? हे विचारायला इंजिनिअर लागत नाही. ग्रामसभेत हात वर करावा लागतो.

दुसरं, खोदकाम. रस्ता, पाईपलाईन, गटार, काहीही असो, जेसीबी आला की नेट गेलं, हे आपण नशीब म्हणून स्वीकारलंय. ते नशीब नाही. खोदण्याआधी खाली कोणाची केबल आहे ते विचारण्यासाठी केंद्राने २२ मार्च २०२३ ला 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं ॲप सुरू केलं. न विचारता केलेल्या खोदाईमुळे देशाचं वर्षाला सुमारे तीन हजार कोटींचं नुकसान होतं, हा सरकारचाच आकडा. ठेकेदाराला काम देताना ग्रामपंचायतीने आणि बांधकाम विभागाने एक ओळ घालावी की ॲपवर नोंद केल्याशिवाय बकेट जमिनीला लावायची नाही आणि केबल तोडली तर बिलातून कापणार. एका ओळीचा खर्च शून्य.

तिसरं, भरपाई. ट्रायने २०२४ ला नियम केलाय की नेटवर्क मोठ्या प्रमाणावर चोवीस तासांपेक्षा जास्त बंद राहिलं तर पोस्टपेडवाल्याला भाड्यात सूट आणि प्रीपेडवाल्याला मुदतवाढ द्यायची. चांगलं आहे. पण मोजमाप जिल्ह्याचं. अख्खा जिल्हा बंद पडला तर ते 'बंद'. मालगुंड दोन दिवस मुकं राहिलं आणि रत्नागिरी शहरात नेट चालू असेल तर त्या नियमाच्या डोळ्याला आपण दिसतच नाही. जिल्ह्याऐवजी निदान तालुका, खरं तर ग्रामपंचायत मोजा, ही मागणी आपल्या खासदारांनी करायला हवी. पर्यटन वाढवा म्हणून भाषणं होतात. पर्यटक येण्याआधी फोन करतो, हे लक्षात असू द्या.

चौथं, वादळ. संकटाच्या वेळी एका कंपनीचा टॉवर मेला तर तिच्या गिऱ्हाइकाला दुसरीच्या टॉवरवर घ्यायचं, अशी तात्पुरती सोय दूरसंचार विभाग करू शकतो आणि देशात अशा वेळी केलीही आहे. आपल्या किनाऱ्यावर दर जूनआधी आपत्तीची बैठक होते. त्या बैठकीत बोटी, दोर, जेसीबी यांच्या यादीत दोन ओळी वाढवा. कोणत्या टॉवरची बॅटरी किती तास चालते? जनरेटरला डिझेल कोण पोचवणार?

उपग्रहाचं नेट येईल, मग सगळं सुटेल, असंही काही जण म्हणतात. महाराष्ट्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये स्टारलिंकशी त्यासाठी इरादापत्र केलं. त्यात गडचिरोली, नंदुरबार, वाशीम, धाराशिव अशी नावं आहेत. त्यांना आधी मिळावं, त्यांची गरज मोठी आहे. पण आपण त्या आशेवर हातावर हात ठेवून बसू नये.

आता थोडं आपल्याबद्दल

सगळा दोष वरच्यांवर टाकून मोकळं होता येणार नाही. कंपाउंडची भिंत घालताना केबल दिसली तर बाजूला न करता कापणारे आपलेच लोक आहेत. "माझ्या जागेतून खांब नको" म्हणणारेही आपणच आणि नेट गेलं की पहिली शिवी देणारेही आपणच. टॉवर हवा, पण दुसऱ्याच्या वाडीत. मग नेटवाला पोरगा जिथे कोणी हरकत घेत नाही अशा एकाच रांगेतल्या खांबांवर सगळ्यांच्या वायरी टाकतो. त्या शनिवारी एका फांदीने दोन वायरी तुटल्या, त्यामागे हेही आहे. आणि ती फांदी छाटायला हवी, हे दोन पावसाळे सगळ्यांना माहीत होतं. मलाही.

म्हणून एक विनंती. आजपासून एक वही घालू. तुमच्याकडे नेट किंवा फोन गेला की चार गोष्टी लिहा: तारीख आणि वेळ, कुठली वाडी, लाईट होती की नव्हती, कोणतं चालू राहिलं आणि कोणतं गेलं. इथे खाली कमेंटमध्ये टाका किंवा मला मेसेज करा. कंपनीवर राग काढायचा असेल तो काढा, पण या चार गोष्टी आधी लिहा. दोन-तीन महिन्यांत आपल्याला नकाशा मिळेल की कुठल्या वळणावर, कुठल्या खांबावर, कुठल्या वेळी गाव मुकं होतं. तो कागद घेऊन पुढच्या ग्रामसभेत मी उभा राहीन. 'नेट नीट चालत नाही' असं म्हटलं की साहेब मान हलवतात. 'एकाच ठिकाणी अमुक वेळा केबल तुटली, या तारखा' असं म्हटलं की उत्तर द्यावं लागतं.

माझ्या मित्राने आता काय केलं, ते सांगून थांबतो. दुसऱ्या कंपनीची वायर काढून टाकली. त्या पैशात सिमचा राऊटर आणि दोन्ही डब्यांना छोटे यूपीएस घेतले. कॉल न उचलला गेल्यास तो अंधेरीत बहिणीकडे जातो. मागच्या आठवड्यात लाईट आणि फायबर दोन्ही एकदम गेलं. तो माडाखाली खुर्ची टाकून बसला होता. फोन वाजला, उचलला, बुकिंग घेतलं.

मग मला म्हणाला, "सगळं ठीक हो, पण गावात येणारी मोठी केबलच तुटली नि त्यात टॉवर पण गेला तर?"

त्याचं उत्तर त्याच्या ऑफिसात नाही. ते ग्रामपंचायतीत आहे. वहीत लिहा, मंडळी.